एक लिटरचं इंजिन, घाटातला दम

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 9,000 लिटर हवा लागते. पंपावर आपण पैसे मोजतो पेट्रोलचे, पण इंजिनाची खरी भूक असते हवेची. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं; हवा मात्र पिस्टन खाली जाताना ओढली जाईल तेवढीच आत येते. टर्बो ही अडचण सोडवतो. बाहेर टाकायच्या धुराच्या झोतावर जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखं एक चाक फिरतं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही युक्ती मला आजही थक्क करते.

रोज ऑफिस, मधेच मुलांची शाळा, सुट्टीला घाट उतरून कोकण किंवा घाट चढून देश, अशी ज्यांची धाव आहे त्यांच्यासाठी टर्बो पेट्रोलइतकं जुळणारं इंजिन सध्या दुसरं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्याचा स्वभाव माहीत हवा. त्या स्वभावाच्याच या काही गमती.

आवाजाच्या पुढे धावणारं चाक

छोट्या गाडीतल्या टर्बोचं चाक जेमतेम चार सेंटिमीटर व्यासाचं असतं. पूर्ण जोर लागला की ते मिनिटाला 2 लाखांच्या घरात फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 3,000 हून जास्त. हिशोब केला तर चाकाची कड ताशी 1,500 किलोमीटरच्या आसपास पळत असते. आवाजाचा वेग याहून कमी आहे! आणि हा दांडा फिरतो कशावर? बहुतेक गाड्यांत ऑइलच्या पातळ थरावर. धातूला धातू लागू न देणं हे त्या थराचं काम. टर्बोवाल्या गाडीत ऑइलचा एवढा बाऊ का करतात, याचं उत्तर इथेच मिळतं.

लहान इंजिन, मोठी ओढ

चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाचं 999 सीसीचं इंजिन 178 न्यूटन मीटर टॉर्क देतं आणि तो 1,750 आरपीएमला हजर असतो. पाचव्या पिढीतल्या होंडा सिटीचं टर्बो नसलेलं इंजिन 1,498 सीसीचं, ताकद 121 पीएस, म्हणजे कागदावर थोडी जास्तच. पण टॉर्क 145 आणि तोही 4,300 आरपीएमला. शहरात 4,300 पर्यंत इंजिन नेतं कोण? सिग्नल सुटल्यावर, उड्डाणपुलाच्या चढावर, बसच्या मागून बाहेर पडताना आपण 1,500 ते 3,000 च्या पट्ट्यातच असतो. टर्बोचं सुख नेमकं तिथे आहे. होंडाचं इंजिन वरच्या आरपीएमला गातं, त्याची गोडी वेगळी आणि ती मला मान्य आहे. रोजच्या वाटेवर मात्र ती फारशी ऐकू येत नाही.

1,500 च्या खाली टर्बो जवळजवळ झोपलेला असतो. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गियरमध्ये रेंगाळत निघालात की गाडी क्षणभर दम खाते आणि मग एकदम ओढ घेते. नव्या चालकाला हा झटका खटकतो. एक गियर खाली टाकला की प्रश्न मिटतो.

घाटात एसी चालू राहतो

ज्यांनी जुनी छोटी गाडी चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी किंवा कुंभार्ली चढवली आहे, त्यांना एसी बंद करायची ती सवय आठवेल. कम्प्रेसर चालवायला लागणारी थोडी ताकदही तेव्हा जड जायची. टर्बोने ती कटकट संपवली.

उंचीचा फायदा याहून मोठा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटरवर. तिथे हवेचा दाब सुमारे 15 टक्के कमी, म्हणून साध्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. टर्बो चाक जरा जास्त फिरवून ही तूट बरीचशी भरून काढतो. हे काम त्याला शंभर वर्षांपूर्वीच शिकवलं गेलं. 1905 साली स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि 1918 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने विमानाचं लिबर्टी इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या 14,000 फुटांच्या डोंगरावर नेऊन तिथे टर्बोची चाचणी घेतली. विरळ हवेतही इंजिनाने सपाटीवरचीच ताकद दाखवली.

उतरताना मात्र सावध. इंजिन लहान असल्यामुळे त्याचा ब्रेक म्हणून आधारही कमी मिळतो. ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम एक लिटरच्या टर्बो गाडीत आणखी काटेकोरपणे पाळायला हवा, नाहीतर आंबोलीच्या अर्ध्या उतारावरच ब्रेक तापल्याचा वास येऊ लागतो.

स्वीडनचे उपकार

पहिल्या टर्बो पेट्रोल गाड्या 1962 साली अमेरिकेत विकायला आल्या: शेव्हर्ले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर. यातल्या जेटफायरची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दाबलेली हवा तापते, तापलेल्या मिश्रणाचा अवेळी भडका उडतो, आणि यालाच आपण नॉकिंग म्हणतो. ते टाळायला जेटफायरमध्ये एक वेगळी टाकी होती. तिच्यात ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ भरायचं. नाव झोकदार, आत शुद्ध पाणी आणि मिथेनॉल. टाकी रिकामी झाली की गाडी आपोआप टर्बोचा दाब उतरवायची. कित्येक मालक ती भरायचेच नाहीत आणि मग गाडीत जोर नाही म्हणायचे. दोन वर्षांत दहा हजारही गाड्या खपल्या नाहीत.

पुढे 1973 मध्ये बीएमडब्ल्यूने 2002 टर्बो आणली. पुढच्या पट्टीवर ‘टर्बो’ ही अक्षरं उलटी लिहिलेली, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटी दिसावीत म्हणून! त्याच वर्षी तेलसंकट आलं आणि ती गाडी 1,672 नगांवर थांबली.

टर्बोला रोजच्या कामाला लावलं ते स्वीडनच्या साबने. 1977 साली दाखवलेल्या साब 99 टर्बोमागचा विचारच वेगळा होता: टर्बो शर्यतीसाठी न ठेवता मधल्या आरपीएमला ओढ मिळावी म्हणून वापरायचा. जास्तीचा धूर वेस्टगेटमधून बाजूला काढून दाब ताब्यात ठेवायचा. त्यानंतर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अभियंता पेर गिलब्रँड आणि सहकाऱ्यांनी इंजिनाला जणू कान दिले. नॉकिंगची चाहूल लागताच सेन्सर खबर देतो आणि दाब आपोआप कमी होतो. आज आपण कुठल्याही पंपावर निर्धास्त पेट्रोल भरतो, त्यामागे हीच कल्पना आहे. साब गाड्या बनायच्या बंद झाल्या, पण आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या प्रत्येक टर्बो पेट्रोलमध्ये त्यांच्या कामाचा अंश आहे.

ॲव्हरेज पायात असतं

पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेतून जो ॲव्हरेजचा आकडा येतो, तो बंद खोलीत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. चाचणी साधारण 20 मिनिटांची, वेग फार तर 90, एसी बंद. अशा शांत चालीत टर्बो जवळजवळ निवांत असतो आणि लहान इंजिन लहान इंजिनासारखंच थोडं पितं. उजवा पाय जोरात दाबलात की तेच इंजिन मोठ्या इंजिनाएवढी हवा घेतं आणि पेट्रोलही तेवढंच मागतं. आणखी एक कारण फारसं कुणी सांगत नाही: सतत जोर लावला की धुराचं तापमान 1,000 अंशांच्या आसपास जातं, आणि टर्बो व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला अनेक इंजिनं जास्तीचं पेट्रोल फवारून ती आग थंड करतात. ते पेट्रोल गाडी पुढे न्यायच्या कामी येत नाही. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन मालकांच्या ॲव्हरेजमध्ये मोठी तफावत दिसते आणि दोघंही खरं बोलत असतात.

टॉप गियरचा मोह सोडा

पेट्रोल वाचवायला 30 च्या वेगाला चौथा गियर टाकून गाडी रेटायची, ही आपल्याकडची हाडीमासी भिनलेली सवय. टर्बो पेट्रोलमध्ये ती मोडायलाच हवी. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला जास्त भार आला की कधीकधी स्पार्क पडण्याआधीच मिश्रण पेट घेतं. सिलिंडरच्या भिंतीवरून उडालेला ऑइलचा थेंबसुद्धा ठिणगीचं काम करू शकतो. हा भडका साध्या नॉकिंगपेक्षा कितीतरी जोरदार असतो. पिस्टनचा काठ तुटू शकतो. संशोधकांना असंही दिसलं की ऑइलमधली कॅल्शियमची द्रव्यं हा धोका वाढवतात. त्यातलं बरंच कॅल्शियम काढून मॅग्नेशियम वापरायला सुरुवात झाली आणि 2020 साली एपीआय एसपी हा दर्जा आला. डब्यावर ही अक्षरं आहेत ना, ते पाहून घ्या. आणि चढावर गाडी घरघरली की गियर खाली टाका.

उसाची साथ

20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई20 पेट्रोलवरून वाद खूप झाले. टर्बोच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट रंजक आहे. साध्या बीएस6 पेट्रोलचा ऑक्टेन 91, ई20 चा किमान 95. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता शोषतं, म्हणजे मिश्रण थंड होतं. जेटफायरच्या टाकीतलं मिथेनॉल हेच करत होतं! आता तसंच काम करणारं द्रव्य ऊस, मळी आणि मक्यातून तयार होऊन थेट नळीतून येतं. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांचाही त्यात वाटा आहे. तोटाही खरा आहे. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, त्यामुळे ई20 मध्ये एकूण सहा-सात टक्के ऊर्जा घटते. गाडी जुनी असेल तर रबरी नळ्या आणि सील ई20 ला चालणारे आहेत का, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहा.

पाच मिलिमीटरची कसरत

टाटा नेक्सॉनची लांबी 3,995 मिलिमीटर. ह्युंदाई व्हेन्यू 3,995. मारुती फ्राँक्सही 3,995. कारण कराचं आहे: चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1,200 सीसीपर्यंत असेल तर गाडी ‘लहान’. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाडीला 18 टक्के जीएसटी, बाकीच्यांना 40. इंजिन मोठं करायला मुभा नाही, मग ताकद आणायची कुठून? टर्बोतून. आपल्याकडे टर्बो पेट्रोल एवढे फोफावले त्याला कराची ही रेघ आणि एप्रिल 2020 चे बीएस6 नियम, ज्यांनी छोटी डिझेल इंजिनं महाग करून सोडली, ही दोन मोठी कारणं आहेत. स्लाव्हियाचं इंजिन एक लिटरचं असलं तरी गाडी साडेचार मीटरची, त्यामुळे तिला 40 टक्केच.

थांबण्याआधी

हायवेवरून सुसाट येऊन फूड मॉलला लगेच चावी फिरवू नका. इंजिन बंद झालं की ऑइलचा प्रवाहही बंद होतो, आणि तापलेल्या दांड्याभोवती अडकलेलं ऑइल करपून त्याचा कडक थर बसतो. आताच्या बऱ्याच टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, काहींत इंजिन बंद झाल्यावरही छोटा पंप पाणी फिरवत राहतो. तरीही जोरदार चढाईनंतर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवावं. शहरात ही चिंता नको. सोसायटीच्या गेटपर्यंतच्या गर्दीत टर्बो आपोआप निवतो.

सकाळचं उलटं. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, म्हणून पहिले काही किलोमीटर पाय हलका ठेवा. एअर फिल्टर वेळेवर बदला. आपल्या रस्त्यांच्या धुळीचा कण 2 लाख फेऱ्यांच्या चाकावर आदळणं परवडत नाही. स्पार्क प्लग मेकॅनिकने अंदाजाने निवडलेला नको, कंपनीने सांगितलेलाच हवा. दाट हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून टर्बो इंजिनाच्या प्लगमधली फट सहसा कमी असते.

वापरलेली घेताय?

टर्बो पेट्रोल सेकंडहँड घेताना गाडी थंड असताना पाहायला जा आणि मालकाला आधी सुरू करू नका म्हणून सांगा. सुरू होताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. डिपस्टिक ओढून पातळी बघा, पेट्रोलचा वास येतो का तेही बघा. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरलेल्या गाडीत पेट्रोल ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये 1,500 पासून ॲक्सिलरेटर दाबा: ओढ सलग यायला हवी, मधे अडखळता कामा नये. किंकाळीसारखी शिट्टी ऐकू आली तर चांगल्या मेकॅनिककडून टर्बो तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. ऑइल बदलल्याची बिलं तारखांसकट मागा. ती सगळी असतील, तर किलोमीटरचा आकडा थोडा जास्त दिसला तरी ती गाडी मी घेईन.