घरी बसलेली फौज
(व्हिएतनाम : लेखांक नववा)

या आठवड्यात टेटच्या हल्ल्यावर लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढे ढकलतोय. साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आलंय. ते विचारतात, ‘अमेरिकेकडे कवायत केलेली राखीव दलं होती. ती घरी बसवून कॉलेजातली पोरं का धरून नेली?’ प्रश्न फौजी माणसाचा आहे, थेट वर्मावर बोट ठेवणारा. आणि हा विषय निघाला की मला राहवत नाही.

जुलै १९६५. संरक्षणमंत्री मॅकनमारा सायगावहून परतले ते सुमारे २ लाख ३५ हजार राखीव सैनिक आणि नॅशनल गार्डचे जवान बोलावण्याची शिफारस घेऊन. सेनाधिकाऱ्यांनाही तेच हवं होतं. अध्यक्ष जॉन्सन यांनी बैठकांवर बैठका घेतल्या, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि नेमकं तेवढंच कलम गाळलं. २८ जुलैला पत्रकार परिषद झाली तीही रात्री नव्हे, भरदुपारी, लोक कामावर असताना. व्हिएतनाममधलं सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाख, सक्तीची भरती महिना १७ हजारांवरून ३५ हजार, राखीव दलं तूर्तास नाहीत. आणि लगे हात सुप्रीम कोर्टावर एब फोर्टास यांची नेमणूकही जाहीर!

पुढच्या दोन तारखा बघा. ३० जुलैला मेडिकेअरवर सही, ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर. राखीव दलं बोलावली असती तर काँग्रेसपुढे जावं लागलं असतं, युद्धाला पैसा किती नि वर्षं किती हे सांगावं लागलं असतं, आणि विरोधकांनी खर्चाचं निमित्त करून जॉन्सन यांचे लाडके कायदे अडवले असते. शिवाय राखीव सैनिक म्हणजे गावातला वकील, दुकानदार, पोलीस. ही माणसं एकदम निघून गेली की गावभर बोभाटा. १९६१ साली बर्लिनच्या पेचात केनेडींनी त्यांना बोलावलं, तेव्हाची कुरकुर कोणी विसरलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा पोरगा मात्र पत्र आलं की एकटाच जातो.

सुभेदारसाहेब, एक दुरुस्ती. कॉलेजातली पोरं तर सुटत होती. शिक्षण चालू असेपर्यंत त्यांना सवलत होती. गेली ती बहुतेक कामगारांची आणि गरिबांची. वशिला असलेल्यांनी तर नॅशनल गार्डमध्येच नाव घातलं, कारण तिथून व्हिएतनामला जावं लागण्याची शक्यता फार कमी. देशात फूट नको म्हणून घेतलेल्या या निर्णयानेच घराघरांत फूट पाडली, असं माझं मत आहे.

पुढे न्याय करायचा म्हणून १ डिसेंबर १९६९ ला जन्मतारखांची सोडत काढली. त्यातही गंमत! ३६६ कॅप्सूल नीट मिसळल्याच नव्हत्या. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी २६ तारखांना बोलावणं गेलं. संख्याशास्त्राच्या वर्गात हा दाखला अजून देतात.

सक्तीची भरती १९७३ च्या जानेवारीत संपली. लष्करप्रमुख एब्रम्स यांच्या काळात फौजेची बांधणी अशी झाली, की राखीव दलांशिवाय मोठं युद्ध लढताच येऊ नये. म्हणजे पुढच्या अध्यक्षाला गावागावांतून माणसं उचलावी लागतील आणि त्याआधी तो दहादा विचार करेल, असा हिशेब त्यामागे होता असं पुष्कळजण मानतात. हिशेब चुकला. काँग्रेसने इराकसाठी २००२ मध्येच परवानगी देऊन टाकली, आणि नॅशनल गार्डच्या तुकड्या तिथे पुन्हा पुन्हा गेल्या.

टेट पुढच्या आठवड्यात. मध्येच आणखी कोणाचं पत्र आलं नाही तर.