खापर कोणाच्या डोक्यावर?

आपला संघ जिंकला, की घरातली सगळी मंडळी एकदम बोलू लागतात. हरला, की दोन मिनिटे कोणीच बोलत नाही, आणि मग एकच प्रश्न निघतो, "चूक कोणाची?" जणू सामना हरलेला नसतो, घरातली काचेची बरणी फुटलेली असते आणि ती कोणी फोडली याचा छडा लागल्याशिवाय जेवायला बसायचे नसते!

१९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री तळोज्यातल्या आमच्या वसाहतीत हा प्रश्न मजल्यामजल्यावर विचारला जात होता. आमच्या घरात त्याचे उत्तरही मिळाले होते. ते उत्तर चुकीचे होते, हे घरात फक्त एका माणसाला ठाऊक होते. आणि तो माणूस मी होतो.

त्या वर्षीची दिवाळी आम्हां तळोजेकरांना विशेष गोड गेली होती. इतकी वर्षे ज्या मेट्रोचे नुसते खांब पाहत आलो, ती बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबरला एकदाची सुरू झाली. उशीर कोणामुळे झाला यावर आम्ही वर्षानुवर्षे किती वाद घातले असतील! पण दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन पेंधरला गाडीत बसलो आणि त्या वादांतला एकही कोणाला आठवला नाही. यश मिळाले, की आरोपीचा शोध आपोआप थांबतो, हा धडा मला तिथेच मिळायला हवा होता.

त्याआधी बुधवारी, १५ तारखेला, भाऊबीज झाली. माझी बहीण, मेहुणे आणि अकरा वर्षांची भाची पुण्याहून आली होती. त्याच दिवशी वानखेडेवर न्यूझीलंडशी उपांत्य सामना होता. भारताने ३९७ धावा केल्या, कोहलीने पन्नासावे एकदिवसीय शतक ठोकले, शमीने सात गडी टिपले आणि आपण ७० धावांनी जिंकलो. ओळीने दहावा विजय! अण्णा आरामखुर्चीत, मेहुणे दिवाणावर, बहीण आणि आमची ही स्वयंपाकघराच्या दारात, मी भिंतीला टेकून आणि भाची माझ्या पायाशी, अशी त्या दिवशीची बैठक होती. सामना संपताच मेहुण्यांनी फर्मान काढले, "रविवारी याच जागा. कोणी हलायचे नाही!" आणि केवळ अंतिम सामन्यासाठी पाहुण्यांचा मुक्काम वाढला.

रविवारी दुपारी दोनला सगळे जागच्या जागी बसले. रोहितने तडाखेबंद ४७ धावा केल्या आणि मागे धावत जाऊन ट्रॅव्हिस हेडने त्याचा झेल घेतला. तरीही धीर सुटला नव्हता, कोहली होता. त्याचे अर्धशतक झाले. मला तहान लागली होती. मी हळूच भाचीला म्हटले, "बाळ, जरा पाणी आण गं." ती उठली, दारापर्यंत गेली, आणि कमिन्सचा चेंडू कोहलीच्या बॅटची आतली कड घेऊन यष्ट्यांवर गेला.

घरात शांतता पसरली. मग दिवाणावरून आवाज आला, "कोणी उठायला सांगितले होते हिला? पनवती आहे नुसती!"

सगळे हसले. मीही हसलो. "मीच पाठवले होते तिला," एवढे चार शब्द बोलायला क्षणही लागला नसता; पण मी हातात आलेले पाणी गटागटा प्यालो आणि गप्प बसलो. भाचीने एकदा माझ्याकडे पाहिले. नंतर ती माझ्या पायाशी न बसता आतल्या खोलीत गेली. आपला डाव २४० धावांत आटोपला. ऑस्ट्रेलियाचे तीन गडी ४७ धावांत गेले तेव्हा, "बघा, ती आत आहे तोवर ठीक चालले आहे!" अशीही कोटी झाली. पण हेडने १३७ धावा झोडपल्या, त्याला लाबुशेनने साथ दिली आणि सात षटके शिल्लक ठेवून त्यांनी विश्वचषक नेला. भाची तर शेवटपर्यंत आतच होती! हा मुद्दा मात्र कोणाच्याही ध्यानात आला नाही.

आपल्याकडे तर्कशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. आपण फांदीची कीड पाहत नाही, कावळ्याला दगड मारतो. मराठी शिकवणारा माणूस असल्याने हे वर्गात मी अनेकदा समजावून सांगितले आहे. 'खापर फोडणे' हा वाक्प्रचारही सांगितला आहे. खापर फोडायला डोके लागते, आणि ते शक्यतो उलट न बोलणाऱ्याचे लागते, ही पुस्तकात नसलेली गोष्ट मला माझ्याच घरात कळली.

घराबाहेर तरी निराळे काय चालते? मे १९९१ मधला रणजी अंतिम सामना जुन्या मुंबईकरांच्या अजून जिव्हारी लागतो. वानखेडेवर मुंबई आणि कपिलदेवचा हरयाणा. मुंबईला ३५५ धावा हव्या होत्या. तेंडुलकरने ९६ काढल्या, वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले आणि अखेरचा फलंदाज कुरुविला धावचीत झाला. मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकरांना रडू आवरले नाही. ते जायबंदी असल्याने त्यांच्यासाठी लालचंद राजपूत धावत होते. मग चूक कुरुविलाची, की राजपूतांची, यावर अण्णांनी आणि त्यांच्या मित्रांनी लोकलच्या कितीतरी फेऱ्या काढल्या. पण पहिल्या डावात मुंबई ११२ धावांनी मागे पडली होती, ते कोणी मोजले? त्या दोन धावा पाच दिवसांत कुठेही सांडल्या असतील. आपल्याला फक्त शेवटचा सांडलेला थेंब दिसतो.

१९९६ च्या विश्वचषकातला ईडन गार्डन्सवरचा उपांत्य सामना आठवा. अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले, म्हणून आजही त्याच्या नावाने बोटे मोडली जातात. एक बाद ९८ वरून आठ बाद १२० अशी घसरगुंडी झाली, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी डोळे पुसत परतला. पण पहिल्याच षटकात दोन्ही सलामीवीर गमावल्यावर अरविंद डिसिल्व्हाने ४७ चेंडूंत ६६ धावा केल्या, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते? श्रीलंकेने पुढे लाहोरला विश्वचषक जिंकला. म्हणजे संघ काही ऐरागैरा नव्हता. तरी आपल्या पंचनाम्यात समोरच्याच्या गुणांचा रकाना कोराच राहतो. "ते आपल्यापेक्षा चांगले खेळले," हे वाक्य आपल्या जिभेला फार जड जाते.

चूक कोणाची नसतेच, असे मला म्हणायचे नाही. अहमदाबादला पहिल्या दहा षटकांत ८० धावा केल्यावर उरलेल्या चाळीस षटकांत आपल्याला अवघे चार चौकार मारता आले, याचा जाब फलंदाजांना जरूर विचारावा. खेळाची चर्चा खेळाच्या जागी हवीच. पण चर्चा करणाऱ्याला चूक शोधायची असते. चिडलेल्याला माणूस शोधायचा असतो. या दोन शोधांत फार अंतर आहे.

ते अंतर मला दाखवले पुढच्या वर्षीच्या एका विजयाने. २९ जून २०२४. बार्बाडोसला वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या असताना आपण सामना फिरवला. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल पकडला आणि आपण सात धावांनी जिंकलो. मध्यरात्री बहिणीला फोन केला. फटाक्यांच्या आवाजात ओरडून विचारले, "भाची कुठे आहे? पाहिला का तो झेल?"

बहीण म्हणाली, "नाही रे दादा. शेवटची पाच षटके ती बाहेर जिन्यात बसून होती. म्हणाली, मी पाहिले की हरतात."

फटाके वाजतच होते. मला मात्र काही ऐकू येईना. सात महिने ते पोर आमचे खापर डोक्यावर घेऊन हिंडत होते. मी तिला फोनवर बोलावले आणि त्या दिवशी न बोललेले चार शब्द बोललो. ती नुसते "हं" म्हणाली.

त्या वर्षीची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. मंडळी आली आणि ओवाळण्याआधीच मी सगळ्यांदेखत सांगितले, की त्या रविवारी पाणी मी मागितले होते. मेहुणे ओशाळून हसले. अण्णा भाचीला म्हणाले, "ये, माझ्या शेजारी बस." दूरचित्रवाणीवर पुन्हा वानखेडे आणि पुन्हा न्यूझीलंड! या वेळी कसोटी होती. १४७ धावा हव्या होत्या आणि आपले सहा गडी परतले होते. एकटा पंत झुंजत होता.

भाचीने डोळे मिचकावत विचारले, "मामा, पाणी हवंय?"

"मीच आणतो," म्हणून मी उठलो. तांब्या उचलतो तोच बाहेरून एकच हाय ऐकू आली. पंत ६४ धावांवर बाद! परत आलो तर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. थोड्याच वेळात आपण १२१ धावांत गारद झालो आणि मायदेशी ०-३ असा कधी न पाहिलेला पराभव पदरी आला.

कोणी काही बोलण्याआधी भाचीच म्हणाली, "मामा, तुझ्यामुळे नाही हं. एजाझ पटेलने सामन्यात अकरा विकेट्स काढल्या. भारी टाकली त्याने."

मुंबईत जन्मलेल्या त्या पाहुण्या गोलंदाजाचे कौतुक त्या दिवशी आमच्या घरात तिने पहिल्यांदा केले. मग आम्ही सगळे पाणी प्यालो आणि ओवाळणीला बसलो.