असीरगडाचा दगड आणि मॉरिशसचं बेट

बाळांनो, खंडव्याच्या गाडीत चढलात की डाव्या हाताची खिडकी धरा. बऱ्हाणपूर स्टेशन सुटलं की थोड्याच वेळात केळीच्या बागा विरळ होतात, कपाशीची काळी रानं मागे पडतात, आणि असीरगड रोड, चांदनी, नेपानगर अशी स्टेशनं येता येता डोंगर दोन्ही अंगांनी जवळ सरकतात. मग डावीकडे लांबवर सपाट माथ्याचा असीरगड दिसतो. हा प्रवास जेमतेम ७० किलोमीटरचा. पुष्कळ लोक तेवढ्यात एक डुलकी काढतात. तुम्ही मात्र जागे राहा, कारण एवढ्याशा अंतरात गाडी अख्खा सातपुडा ओलांडते.

थोरली लगेच विचारेल, “आजोबा, एवढा डोंगर ओलांडायचा तर मोठमोठे बोगदे का लागत नाहीत?” प्रश्न अगदी बरोबर आहे. सातपुडा म्हणजे नर्मदा आणि तापी यांच्यामधला उंच राहिलेला पट्टा. जमिनीला पूर्व-पश्चिम अशा लांबच लांब भेगा पडल्या, त्या भेगांच्या कडेने दोन बाजूंचे भाग खाली खचले आणि मधला भाग तसाच उभा राहिला. खचलेल्या भागांत या दोन नद्या शिरल्या. म्हणून गोदावरी, कृष्णा पूर्वेच्या समुद्राकडे निघाल्या, पण आपली तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. या सातपुड्याची भिंत बऱ्हाणपूरच्या उत्तरेला एके ठिकाणी बसकी आहे. तीच बऱ्हाणपूरची खिंड. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजा इथूनच आल्या, आणि खिंडीवर नजर ठेवायला असीरगड उभा राहिला. अकबराला तो १६०१ मध्ये मिळाला, तोही महिनोन्महिने वेढा घालून बसल्यावर. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या इंजिनियरांनीही हीच वाट निवडली आणि १८७० मध्ये मुंबईची गाडी जबलपूरवरून थेट कलकत्त्याला जाऊ लागली. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने ऐंशी दिवसांत जगाची फेरी मारणाऱ्या माणसाची कादंबरी लिहिली, त्यातली गाडीसुद्धा बऱ्हाणपूरला थांबते, आणि त्या माणसाचा नोकर स्टेशनवर खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो! आपल्या गावाचं नाव तेव्हा पॅरिसमध्ये वाचलं गेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण खरी गोष्ट गाडीतून कळत नाही, ती रस्त्याने जाताना कळते. बऱ्हाणपूरहून इंदूरच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की असीरगडाचा पायथा येतो. घाटात जिथे डोंगर कापून रस्ता काढलाय, तिथे गाडी बाजूला घ्यायची आणि नीट पाहायचं. कापलेल्या कड्यात आडवे थर दिसतात. खाली काळा, घट्ट, जड पाषाण. वर वर जावं तसा तोच पाषाण भोकाभोकांचा होतो. कुठेकुठे त्याच्यावर चार बोटं, कुठे हातभर जाडीचा तांबडा मातकट पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यावर पुन्हा काळा पाषाण सुरू.

त्या भोकाभोकांचा एक तुकडा उचला. भिंग असेल तर लावा. काही भोकं रिकामी आहेत, काहींत पांढरे दाणे बसलेत, आणि एखाद्या मोठ्या भोकात सुयांसारखे बारीक, चमकणारे स्फटिक मध्याकडे टोकं करून उभे आहेत. हा पाषाण एके काळी वाहत होता, बाळांनो. तापून पातळ झालेला लाव्हा. त्यातला वायू बुडबुडे होऊन वर चढत होता, तेवढ्यात वरचा भाग थिजला आणि बुडबुड्यांच्या जागा तशाच राहिल्या. पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत आपल्याबरोबरची खनिजं आणून ठेवली. त्यांना झिओलाइट म्हणतात. जगभरच्या संग्रहालयांत दख्खनचे झिओलाइट काचेच्या कपाटात ठेवतात. आणि तो तांबडा पट्टा? एक लाव्हा वाहून गेल्यावर मधे पुष्कळ काळ शांत गेला. दगड कुजला, त्याची माती झाली, पाऊस पडला, झाडंझुडपंही उगवली असतील. मग दुसरा लाव्हा आला आणि त्याच्या धगीने ती माती भाजून निघाली. म्हणजे तांबडा पट्टा दिसला, की दोन आगींच्या मधली फुरसत दिसली असं समजायचं.

धाकटा म्हणेल, “मग इथला ज्वालामुखी कुठाय? त्याचा सुळका?” सुळका नव्हताच. जमिनीला कोसच्या कोस लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उसळून सपाट पसरत गेला. धुळे-नंदुरबारकडे गेलात तर त्या भेगांत थिजलेला पाषाण आजही लांब, सरळ रांगांनी जमिनीबाहेर डोकावताना दिसतो. हे सगळं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं. डायनासोर तेव्हा शेवटच्या घटका मोजत होते. नर्मदेपलीकडे धार जिल्ह्यात बाग नावाच्या गावाजवळ त्यांची अंडी सापडली आहेत. थरावर थर चढत गेले आणि पुष्कळसा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. इतकी झीज होऊनही आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सातपुडा त्याचा, सह्याद्री त्याचा, आपल्या कपाशीची काळी मातीही त्याच्याच दगडाची.

आता मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते सांगतो. ही आग पेटली तेव्हा आपण इथे नव्हतो. म्हणजे बऱ्हाणपूरची ही जमीनच इथे नव्हती. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता, चारी बाजूंनी समुद्र असलेलं एक प्रचंड बेट होता, आणि तोही विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेला. हे कशावरून? याच काळ्या दगडावरून. लाव्ह्यात लोखंड असतं. तो थंड होताना त्यातले बारीक कण पृथ्वीच्या चुंबकाच्या दिशेने वळतात आणि त्याच दिशेला कायमचे अडकतात. उत्तर गोलार्धात होकायंत्राची सुई मोकळी सोडली तर तिचं उत्तरेचं टोक जमिनीकडे झुकतं, दक्षिण गोलार्धात ते वर उचलतं. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडातली चुंबकाची दिशा मोजली, तेव्हा ती आजच्या बऱ्हाणपूरला जुळेना. ती जुळत होती दक्षिण गोलार्धातल्या जागेशी! जमीन सरकते हे तेव्हा भल्याभल्यांना पटत नव्हतं. पण घाटातल्या या दगडाने आपला जुना पत्ता जपून ठेवला होता.

मग हे बेट उत्तरेला निघालं. तेव्हा त्याची चाल वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास होती. पुढे आशियाला धडकून हिमालय उचलल्यावर ती मंदावली. आता ती साधारण ५ सेंटिमीटर उरली आहे, म्हणजे आपली बोटांची नखं वाढतात त्याच्यापेक्षा थोडीशीच जास्त. पण कोट्यवधी वर्षं चालत राहिलं तर या चालीनेही समुद्र ओलांडता येतो.

आपण निघून आलो, आणि आग मागे राहिली. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की पृथ्वीच्या पोटातून वर येऊन ही आग पेटवणारा तप्त झोत जवळपास आपल्याच जागी राहिला आणि वरचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा तुकडा, त्याच्यावरून सरकत गेला. जिथून गेला तिथे तिथे समुद्राच्या तळाशी डोंगर उठत गेले. नकाशा काढा आणि बोट फिरवा. लक्षद्वीप, मालदीव, चागोस. या बेटांवर आज प्रवाळ दिसतं, पण त्या प्रवाळाच्या खाली बुडालेला काळा पाषाण आहे. पुढे समुद्रतळाची एक मोठी फट सरकत त्या झोतावरून गेली, आणि झोत आफ्रिकेच्या भूपट्टाखाली आला. म्हणून पुढची दोन बेटं त्या भूपट्टावर आहेत, मॉरिशस आणि रियुनियन. बोट तिथे थांबवा. विषुववृत्ताच्या जितकं उत्तरेला आपलं बऱ्हाणपूर, जवळजवळ तितकंच दक्षिणेला रियुनियन.

आग आज रियुनियनच्या खाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ नावाचा डोंगर २,६३२ मीटर उंच आहे आणि जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. किनारा आणि डोंगर यांच्यामधे जागा इतकी चिंचोळी, की तिथल्या फ्रेंचांनी १८८२ मध्ये रेल्वे सुरू केली तेव्हा एका कड्याच्या पोटातून सुमारे १० किलोमीटरचा बोगदा खणावा लागला. ती रेल्वे आता नाही. मोटारीचा रस्ता बेटाला वळसा घालतो, आणि ज्वालामुखीच्या बाजूला कधी कधी त्याच्यावरून लाव्हा वाहत समुद्रात जातो. एप्रिल २००७ मध्ये असाच मोठा लोट आला आणि रस्ता त्याच्याखाली गाडला गेला. लाव्हा निवला की लोक त्याच्यावरूनच नवा रस्ता करतात. असीरगडाच्या घाटात जे थर आपण थंड झालेले पाहिले, ते तिथे अजून तयार होत आहेत.

मॉरिशस रियुनियनचा थोरला भाऊ. त्याचे जुने दगड ८०-९० लाख वर्षांचे. समुद्रकाठच्या पोर्ट लुईहून नवी मेट्रो बेटाच्या मधल्या पठारावर चढते आणि साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्युरपिपला पोचते. १८६४ मध्ये बेटावर पहिली रेल्वे सुरू झाली होती, तिचा एक फाटा याच पठारावरून जायचा. क्युरपिपला भर वस्तीत एक जुनं ज्वालामुखीचं तोंड आहे, आता त्याच्या उतारांवर झाडी आहे आणि तळाशी पाणी साचतं. तिथले हिंदू ज्याला गंगातलाव म्हणतात, तेही अशाच एका मुखातलं पाणी.

या बेटावर आपली माणसं राहतात, हे मुद्दाम सांगतो. १८३४ पासून इंग्रजांनी भारतातून मजूर उसाच्या मळ्यांत नेले. बहुतेक बिहारकडचे, काही तमिळ-तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी. पश्चिम किनाऱ्याजवळ कास्कावेल हे मराठी वस्तीचं गाव आहे. शाळांत मराठी शिकवतात, कोकणातली जाखडी नाचतात, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. मळे करायचे तर आधी जमीन साफ करावी लागे, कारण मातीत काळ्या धोंड्यांचा नुसता खच होता. मजुरांनी ते हातांनी वेचले. आजही तिथल्या रस्त्याने जाताना उसाच्या मधोमध त्या धोंड्यांचे उंच ढीग आणि लांब बांध दिसतात. रत्नागिरीच्या डोंगराचा दगड आणि तो दगड एकाच आगीतले. सह्याद्रीच्या पायथ्याचा माणूस समुद्र ओलांडून त्याच दगडाशी झुंजायला गेला, आणि त्याला ते कुणी सांगितलंही नसेल.

आणखी एक गोष्ट आहे. मॉरिशसच्या लाव्ह्यातून शास्त्रज्ञांना झिरकॉनचे अगदी बारीक कण मिळाले. त्यांचं वय काढलं तर ते निघालं सुमारे ३०० कोटी वर्षं! एक कोटी वर्षांचंही नसलेल्या बेटावर ३०० कोटी वर्षांचे कण कुठून आले? समुद्राच्या तळातून असे कण येत नाहीत, ते जुन्या खंडातूनच येतात. म्हणजे भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून सुटले तेव्हा मधला एक तुकडा तुटून राहिला होता. तो ताणला गेला, फाटला, समुद्रात बुडाला आणि वरून लाव्ह्याने झाकला गेला. लाव्हा वर येताना त्याच तुकड्यातले कण ओरबाडून घेऊन आला. थोरली, तू आता विचारशील की त्या तुकड्यात किती जमीन होती आणि ती नक्की कुठेकुठे पसरली आहे. ते अजून शोधताहेत, आणि तुझं शिकणं व्हायचं आहे.