जाते, मग गेली कशी?

घाटकोपर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी कान दिला तर दोन क्रियापदं सतत ऐकू येतात: येणं आणि जाणं. ‘फास्ट येतेय का?’, ‘आली, आली!’, ‘अरे, गेली!’ गाडी ‘थांबते’ आणि ‘थांबली’, ‘निघते’ आणि ‘निघाली’ यांत मूळ शब्द ओळखू येतो. पण ‘जाते’ची ‘गेली’ कशी झाली? ‘ज’ गेला कुठे आणि ‘ग’ आला कुठून? मराठी घरात वाढलेल्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. तो पडतो एखादी परकी भाषा शिकायला बसल्यावर.

स्पॅनिश शिकणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांतच ‘बेनिर’ हे क्रियापद भेटतं. अर्थ ‘येणं’. ‘आम्ही येतो’ म्हणजे ‘बेनीमोस’, पण ‘ती येते’ म्हणजे ‘ब्येने’. धातूतला ‘ए’ मध्येच फुटून ‘ये’ होतो. शिकणारा वैतागतो, पण यामागे नियम आहे. लॅटिनमधल्या ऱ्हस्व ‘ए’वर बोलताना आघात आला की स्पॅनिशमध्ये तो फुटतो. ‘ब्येने’त आघात धातूवर पडतो. ‘बेनीमोस’मध्ये तो पुढच्या ‘नी’वर सरकतो, म्हणून मागचा ‘ए’ शाबूत राहतो. ‘बेंगो’, म्हणजे ‘मी येतो’, या रूपाची तऱ्हा आणखी निराळी.

असं काही आपल्याकडे नाही, असं वाटत असेल तर चौथ्या सीटवर पेंगणाऱ्या दोस्ताला उठवून पाहावं. ‘ऊठ, मुलुंड आलं’ म्हणताना ‘ऊ’ दीर्घ. ‘उठला एकदाचा’ म्हणताना तोच ऱ्हस्व. शीक आणि शिकतो, पूस आणि पुसतो यांतही तेच. पुढे प्रत्यय लागला की धातूतला स्वर आखडतो. शुद्धलेखन शिकण्याआधीच आपलं तोंड हे करत असतं.

‘जाते–गेली’चा मामला मात्र स्वराच्या लांबीपेक्षा खोल आहे. इथे दोन वेगळे धातू एका संसारात आले आहेत. ‘जाणे’ आलं संस्कृत ‘या’ धातूवरून. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ झाला, जसा यात्रेची जत्रा होताना झाला. ‘गेली’ आली ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपावरून.

हे घडलं त्या काळातली भाषा पाहायला बोरिवलीच्या पुढे जावं लागत नाही. राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचे प्राकृत लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. त्यांत ‘पुत्र’चा ‘पुत’ झालेला आहे आणि धर्मार्थ दिलेल्या दानाला ‘देयधम’ म्हटलेलं आहे. ‘धर्म’मधलं जोडाक्षर झिजून गेलं आहे. ही झीज पुढेही चालू राहिली. ‘गत’मधला ‘त’ गळाला, उरलेल्या ‘गअ’ला ‘इल्ल’ हा प्रत्यय चिकटला आणि ‘गइल्ल’सारख्या रूपातून ‘गेला’ घडला.

आता एक कोडं सुटतं. धरणे–धरला, भरणे–भरला, सरणे–सरला. मग करणे–केला आणि मरणे–मेला का? कारण ‘कृत’ आणि ‘मृत’ हे ‘गत’च्याच वाटेने आले. कअ, मअ, गअ, आणि पुढे तोच प्रत्यय. गेला, केला, मेला या तिघांचं यमक जुळतं ते एकाच घडणीमुळे. ज्यांना आपण अनियमित म्हणतो ती रूपं एका जुन्या नियमाशी इतकी इमानदार आहेत!

मधली पायरी ऐकायचीय? अंधेरीत पूर्वांचलातून आलेल्या एखाद्या रिक्षावाल्याचं फोनवरचं बोलणं कानावर पडू द्यावं. भोजपुरीत ‘गेला’ला ‘गइल’ म्हणतात आणि ‘केला’ला ‘कइल’. मराठीने ज्या दोन स्वरांचा ‘ए’ करून टाकला, ते तिथे अजून सुटे ऐकू येतात. घाटकोपर-मुलुंडच्या गुजरातीत ‘गयो’, हिंदीत ‘गया’. वर्तमानात सगळ्यांकडे ‘ज’, भूतकाळात सगळ्यांकडे ‘ग’. म्हणजे ही जोडी या भाषा वेगळ्या होण्याआधीच जमली होती.

आणि ‘आली’? तीही ‘गम्’चीच लेक. ‘आगत’ या रूपातून ‘आला’ आला. ‘गत’च्या आधी फक्त एक ‘आ’ लागला आणि दिशा उलटली. फलाटावर एकजण ‘आली’ म्हणतो, दुसरा ‘गेली’. दोघांच्या तोंडी धातू एकच.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट याच्या पुढे आहे. भाषाशास्त्रज्ञ ज्या आद्य मुळापासून संस्कृत ‘गम्’ काढतात, त्याच मुळापासून लॅटिन ‘वेनिरे’ काढतात, आणि इंग्रजी ‘कम’सुद्धा. ‘वेनिरे’ म्हणजेच स्पॅनिश ‘बेनिर’. तेव्हा आपली ‘गेली’ आणि स्पॅनिश ‘ब्येने’ सख्ख्या घराण्यातल्या. एक निरोप देते, दुसरी येताना दिसते. उलट स्पॅनिशमध्ये ‘मी गेलो’ला म्हणतात ‘फुई’, आणि ते आलं ‘भू’च्या भाऊबंदांतून, ज्या ‘भू’पासून आपलं ‘होणे’ आलं. आपण दोन धातू एकत्र नांदवले. स्पॅनिशने ‘जाणं’ या एका क्रियेसाठी तीन नांदवले: ‘बोय’ म्हणजे मी जातो, ‘फुई’ म्हणजे गेलो, ‘इरे’ म्हणजे जाईन.

अशी विजोड रूपं बहुधा रोजच्या क्रियापदांतच का सापडतात, याचं उत्तर वापरात आहे. क्वचित लागणाऱ्या क्रियापदाचं जुनं रूप आठवत नाही. माणूस नियमाने नवं घडवतो आणि तेच रुळतं. बोलू लागलेलं मूल ‘मी करलं’ म्हणतं ते याच नियमाने. पण ‘केलं’ त्याच्या कानावर दिवसभर इतक्यांदा पडतं की थोड्याच काळात ‘करलं’ मागे पडतं. कधी नवं रूप टिकतंही: गुजरातीत ‘मरवुं’चं ‘मर्यो’ असं सरळ रूप चालतं. मुंबईच्या हिंदीत ‘किया’ऐवजी ‘करा’ सर्रास ऐकू येतं. मात्र त्याच मुंबईत गाडी चुकलेला माणूस ‘गाड़ी जाई’ कधीच म्हणत नाही; तो म्हणतो, ‘गई!’