निष्ठेच्या कथा : तानाशहाचा लारी

गेल्या आठवड्यात आपण आको संस्थानाच्या 47 सामुरायांपाशी थांबलो होतो. 1701 मध्ये त्यांचा धनी आसानो याने एदोच्या किल्ल्यात किरा नावाच्या अधिकाऱ्यावर शस्त्र उपसले, म्हणून त्याच दिवशी त्याला पोट फाडून घ्यावे लागले. पुढे किराचे मुंडके धन्याच्या थडग्यापुढे ठेवून 1703 मध्ये त्यांतल्या 46 जणांनी सरकारी हुकमाने तोच शेवट पत्करला. त्याच्या थोडेच आधी असाच एक माणूस आपल्या दख्खनमध्ये होऊन गेला. त्याच्या धन्याचा तुरुंग दौलताबादेत आजही उभा आहे.

चांद मिनार मागे टाकून बालेकिल्ल्याकडे चढू लागलो की चिनी महाल लागतो. छप्पर केव्हाच गेले आहे. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्यांचे थोडे तुकडे तेवढे उरलेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा, म्हणजेच तानाशहा, इथे मरेपर्यंत कैदेत होता. 1677 मध्ये शिवाजी महाराजांचे भागानगरात स्वागत करणारा तो हाच. त्याची कबर वर खुलताबादला आहे, आणि त्याला कैद करणाऱ्या औरंगजेबाचीही.

1687 मध्ये गोवळकोंड्याला आठ महिने वेढा पडला होता. एकेक सरदार मोगलांना जाऊन मिळत होता. तानाशहाचा सरदार अब्दुर रझाक लारी यालाही मोठ्या मनसबीचे आमिष आले. ते फर्मान त्याने बुरुजावर सगळ्यांदेखत फाडून टाकले. सप्टेंबरातल्या एका रात्री अब्दुल्लाखान पन्नी या फितूर सरदाराने दरवाजा उघडला, तेव्हा लारीला खोगीर घालायलाही सवड मिळाली नाही. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल आणि सोबत दहा-बारा माणसे, एवढ्यावर तो शत्रूच्या गर्दीत घुसला. मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो की त्याच्या अंगावर सत्तरच्या वर जखमा होत्या. औरंगजेबाने त्याच्यासाठी एक फिरंगी आणि एक हिंदू वैद्य धाडले. शुद्धीवर आल्यावर चाकरीचा निरोप आला. त्यावर त्याचे उत्तर असे होते की, ज्याने अबुल हसनचे मीठ खाल्ले त्याला आता दुसऱ्याची चाकरी जमायची नाही.

सामुरायांच्या निष्ठेचा गाजलेला ग्रंथ 'हागाकुरे' 1710 नंतरच्या काही वर्षांत सांगितला गेला. 1615 मध्ये ओसाका पडले, त्यानंतर जपानमध्ये मोठी लढाई क्वचितच झाली होती. तो सांगणाऱ्या, मरणावर इतके बोलणाऱ्या यामामोतो त्सुनेतोमोने रणांगण पाहिलेलेच नव्हते. लढाया चालू होत्या तेव्हा तिथेही माणसे बाजू बदलत. 1600 मध्ये सेकिगाहाराच्या ऐन लढाईत कोबायाकावा उलटला आणि निकाल फिरला. पुढे मालक गमावलेल्या सामुरायाला नवी चाकरी मिळणे फार अवघड झाले. दख्खनमध्ये मात्र कसलेल्या सरदाराला गिऱ्हाईक लगेच मिळे. म्हणून लारीचा नकार मला जास्त वजनदार वाटतो.

लारीने पुढे मोगलांची मनसब घेतली. हा त्याच्यावरचा डाग आहे, असे मला वाटत नाही. राज्य बुडाले होते, धनी चिनी महालात बंद होता, आणि जे द्यायचे ते त्याने दरवाजातच देऊन टाकले होते.

निष्ठा मोडतो तो नेहमी चाकरच असतो असे नाही. 1629 मध्ये याच दौलताबादेत निजामशहाने भर दरबारात आपलेच सरदार लखुजी जाधवराव यांना मुलानातवांसह कापून काढले. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.