अडवणाऱ्यांची करामत

१७२९ च्या जुलैत, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, दोन माणसं एका वाड्यात दोरा टांगत होती. एक मूळचा कापड रंगवणारा, म्हातारा स्टीफन ग्रे. दुसरा वाड्याचा मालक ग्रॅनव्हिल व्हीलर. काचेची नळी घासून निर्माण केलेली वीज दोऱ्यातून किती लांब पोचते, हे त्यांना पाहायचं होतं. दोऱ्याच्या टोकाला हस्तिदंती चेंडू होता. त्याने पितळेचा वर्ख ओढून घेतला की समजायचं, वीज पोचली. दोरा तोलून धरायला त्यांनी रेशमी धागे वापरले. धागे बारीक, म्हणून त्यांतून वीज कमी गळेल असा हिशेब. प्रयोग छान चालला, पण वजनाने रेशीम तुटलं. मग त्यांनी तशीच बारीक, पण मजबूत पितळी तार लावली. वर्ख जागचा हलेना. सगळी वीज तारेवाटे निघून गेली होती.

म्हणजे प्रश्न जाडी-बारकीचा नव्हताच. रेशीम वीज अडवतं, पितळ सोडतं, एवढीच गोष्ट. धातूतले सर्वांत बाहेरचे इलेक्ट्रॉन कुठल्याही एका अणूचे बांधील नसतात; रेशीम, काच, चिनी माती यांत ते जखडलेले असतात. हे कारण कळायला पुढे दीडशेहून अधिक वर्षं लागली.

फरक किती असावा? सर्वांत घन धातू ऑस्मियम. तो पाण्याच्या साडेबावीस पट भरतो आणि आपण तेवढ्यानेच थक्क होतो. तांबं आणि काच यांच्या विद्युतरोधातला फरक मात्र, ढोबळमानाने, एकावर वीस शून्यं इतका आहे. पदार्थाच्या दुसऱ्या कुठल्या साध्या गुणधर्मात एवढी दरी क्वचितच सापडेल.

वाहकांचं कौतुक सगळेच करतात. चांदी सर्वांत उत्तम, पाठोपाठ तांबं. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, पण वजन तिसऱ्या हिश्शाहून कमी, म्हणून शेतांवरून जाणाऱ्या तारा ॲल्युमिनियमच्या, पोटात पोलादाचा गाभा. मला मात्र खरी करामत अडवणाऱ्यांची वाटते. टॉवरवरच्या त्या जाड तारांवर कसलंही आवरण नसतं. त्या उघड्या असतात; त्यांचा रोधक म्हणजे भोवतालची हवा! कोरडी हवा सेंटीमीटरमागे सुमारे ३० हजार व्होल्ट सोसते, आणि तेही फुकट.

जिथे तार टॉवरला टेकवावीच लागते, तिथे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बशांची माळ लोंबते. प्रवासात त्या बशा मोजा: १३२ हजार व्होल्टच्या तारेला साधारण नऊ-दहा, २२० हजाराला तेरा-चौदा. बशीच्या खालच्या अंगाला गोल कडा काढलेल्या असतात. पावसातही तिथला भाग बराचसा कोरडा राहतो आणि पृष्ठभागावरून सरपटत जाणाऱ्या विजेला लांबचा वळसा पडतो. कोकण किनाऱ्यावर या बशांचा शत्रू मुसळधार पाऊस नाही. तो उलट त्यांना धुऊन काढतो. खाऱ्या वाऱ्याने बसलेला मिठाचा थर आणि त्यावर पडलेलं पहाटेचं दव, ही जोडी वाईट. मीठ विरघळतं, थर वाहक होतो आणि बशीच्या पाठीवरून ठिणगी धावते.

समुद्राच्या पोटात तर हवाही मदतीला नाही. तिथे कामाला आला मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा चीक, गटापर्चा. गरम पाण्यात मऊ होणारा, थंडीत घट्ट होणारा आणि खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारा. १८४३ साली सिंगापुरातले सर्जन विल्यम मॉन्टगोमेरी यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले, आणि काही वर्षांतच तांब्याच्या तारांना त्याचा लेप बसू लागला. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तार टाकली ती याच लेपाच्या भरवशावर. चीक मिळवायला मात्र अख्खं झाड तोडत. तारा वाढल्या तशी मलायातली जंगलं उजाड होत गेली.

गटापर्चाची सद्दी संपवली ती १९३३ मध्ये इंग्लंडच्या एका प्रयोगशाळेत अपघाताने सापडलेल्या मेणचट पांढऱ्या पदार्थाने. सुरुवातीला त्याची किंमत कळली ती तारांच्या आवरणासाठी; दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या केबलींत गेला. हा पदार्थ म्हणजे पॉलिथीन. बाजारात भाजी भरायला त्याच्या पिशव्या होऊ लागल्या त्या नंतर.