पोटात बाळ, रक्तात साखर

गरोदरपणातला मधुमेह तपासायला उपाशीपोटी दवाखाना गाठावा लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. साखर दर डेसिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली, की निदान झाले. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच गोडमिट्ट पाणी!

या सोप्या पद्धतीचा आग्रह चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी धरला. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच, दुसरी २४ ते २८ आठवड्यांत.

खरी गळती होते ती बाळंतपणानंतर. साखर बहुधा आपोआप उतरते, फाईल कपाटात जाते; डिंकाचे लाडू आणि बारशाच्या गडबडीत सहाव्या आठवड्याची तपासणी राहूनच जाते. याच बायकांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो.

पाळी जाण्याच्या वयात आणखी एक चकवा. अचानक घाम फुटतो, छाती धडधडते. साखर घटल्याची लक्षणेही हुबेहूब हीच. मधुमेही बाईने अशा वेळी अंदाज बांधत बसू नये, आधी ग्लुकोमीटर काढावा.